ॲपलबीचं ‘द अँबिव्हलन्स ऑफ द सेक्रेड’: मधली पानं जबरदस्त, शेवट मात्र ढिला

सगळ्यात आधी घ्यायचं की नाही ते सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. घ्या. पण पहिल्या पानापासून सरळ वाचायला बसू नका, नाहीतर पन्नासाव्या पानावर डुलकी लागेल आणि पुस्तक वर्षभर कपाटात धूळ खात पडेल.

आर. स्कॉट ॲपलबी हा अमेरिकन कॅथलिक इतिहासकार, आणि धर्मातून हिंसा कशी येते आणि शांतता कशी येते यावरचं हे पुस्तक २००० साली आलेलं, म्हणजे अकरा सप्टेंबरच्या आधीचं. हे मुद्दाम सांगतेय, कारण धर्म आणि हिंसा या विषयावर त्यानंतर पुस्तकांचा जो पूर आला त्यातली बरीचशी घाबरून लिहिलेली आहेत, हे तसं नाहीये. चारशेच्या वर पानं, बारीक टाइप, मागे टिपांचा ढीग, आणि प्रस्तावना फादर थिओडोर हेसबर्ग यांची, जे नोटर डेम विद्यापीठाचे ३५ वर्षं प्रेसिडेंट होते. मोठमोठी युद्धं टाळायची कशी यावर काम करणाऱ्या कार्नेगी कमिशनच्या मालिकेतलं हे पुस्तक आहे, त्यामुळे लेखकाच्या डोळ्यासमोर नुसते विद्यार्थी नाहीत, सरकारी माणसंही आहेत, आणि याचा फायदा-तोटा दोन्ही पुढे दिसतो.

लेखकाबद्दल थोडं, कारण तो कुठून बोलतोय ते कळल्याशिवाय पुस्तक नीट लागत नाही. ॲपलबीने आधी मार्टिन मार्टी या लुथरन इतिहासकाराबरोबर ‘फंडामेंटलिझम प्रोजेक्ट’ केला, जगभरातल्या कट्टर चळवळींवर पाच जाडजूड खंड, १९९१ ते १९९५. म्हणजे हा माणूस कित्येक वर्षं धर्माची काळी बाजूच बघत होता आणि मग तिथून हळूहळू शांततेकडे वळला. पुस्तक आलं त्याच वर्षी तो नोटर डेमच्या क्रॉक इन्स्टिट्यूटचा डायरेक्टर झाला, २०१४ पर्यंत होता, आणि नंतर तिथल्याच कियो स्कूलचा पहिला डीन. क्रॉक म्हणजे तेच क्रॉक बरं का, मॅकडोनाल्ड्सवाले. रे क्रॉक गेल्यावर त्यांच्या बायकोने, जोन क्रॉकने, शांततेच्या अभ्यासासाठी पैसा दिला आणि १९८६ साली ही संस्था उभी राहिली. बर्गरच्या नफ्यावर शांतिसंशोधन, अमेरिकेतच होऊ जाणे.

आता मुद्द्यावर. धर्म आणि हिंसा म्हटलं की बहुतेक लेखक दोनपैकी एक बाजू पकडून बसतात. एकजण म्हणतो धर्म हेच भांडणाचं मूळ, तो घरात ठेवा, राजकारणातून काढा. दुसरा म्हणतो खरा धर्म कधी हिंसा शिकवतच नाही, बॉम्ब फोडणारे धर्माचे नव्हेतच. ॲपलबी दोघांनाही घरी पाठवतो. त्याचं म्हणणं, पवित्र म्हणून जे काही माणसाला अनुभवाला येतं (रुडॉल्फ ओटो या जर्मन विद्वानाकडून त्याने हे घेतलंय, भयही वाटतं आणि ओढही लागते असं काहीतरी) त्याला मुळातच दोन तोंडं आहेत. त्या अनुभवातून माणूस स्वतःचा जीव द्यायला तयार होतो, आणि त्याच अनुभवातून दुसऱ्याचा घ्यायलाही. दोघंही प्रामाणिक, दोघंही धार्मिक. त्यामुळे मारणाऱ्याला ‘तू खरा धार्मिक नाहीस’ म्हणून हात झटकता येत नाहीत, आणि त्याच्याकडे बोट दाखवून सगळ्या श्रद्धेला झोडपताही येत नाही. ऐकायला साधं वाटतं, पण हे धरून चारशे पानं चालणं सोपं नाही, आणि तो बऱ्यापैकी चालतो.

पहिलं प्रकरण सोडा, थिअरी आहे, नंतर परत या. थेट दुसऱ्यावर जा, बोस्नियावर. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात टोकदार विचार इथे आहे. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बोस्नियात १९९२ नंतर जे झालं त्यात एकीकडे ऑर्थोडॉक्स सर्ब, दुसरीकडे कॅथलिक क्रोएट, तिसरीकडे मुसलमान, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटणार की हे धर्मयुद्धच. पण ॲपलबी विचारतो की या लोकांना स्वतःच्या धर्मातलं येत तरी किती होतं? चाळीस-पंचेचाळीस वर्षं कम्युनिस्ट राजवट, धार्मिक शिक्षण घराच्या आणि चर्चच्या कोपऱ्यात ढकललेलं, एक पूर्ण पिढी अशी की जिला सण माहीत, आडनावावरून कोण कोणाचा ते माहीत, पण ग्रंथात काय आहे, परंपरेत कोणी कशावरून वाद घातला, यातलं काहीच नाही. अशा पोकळ धर्मात राष्ट्रवाद्यांना हवं ते भरता येतं. १३८९ ची ऑटोमन तुर्कांशी झालेली कोसोवोची लढाई, त्यात पडलेला सर्ब राजपुत्र लाझार, त्याला जवळजवळ ख्रिस्ताच्या जागी बसवायचं, म्हणजे मारणारे आपोआप ख्रिस्ताचे मारेकरी, आणि सहाशे वर्षांनी शेजारच्या घरातला मुसलमान त्या मारेकऱ्यांचा वारस. २८ जून १९८९ ला सर्बियाचा नेता मिलोशेविच याने भाषण ठोकलं ते त्याच रणभूमीवर, गाझिमेस्तानला, लाखो लोकांपुढे. चार वर्षांत बोस्नियातल्या बान्या लुकाची फरहादिया मशीद, १५७९ ची, सुरुंगाने उडवली. ७ मे १९९३. (ती पुन्हा बांधून २०१६ साली उघडली, हे पुस्तकानंतरचं.)

याला ॲपलबी दुबळा धर्म म्हणतो. आणि इथे तो सरळसरळ आपल्या सेक्युलर मंडळींच्या शेपटीवर पाय देतो, कारण त्यांचा हिशोब असा की धर्म पातळ केला की भांडण पातळ होईल. तो म्हणतो उलट, पातळ झालेला धर्म कोणाच्याही हातात लागतो. मी हे वाचताना साहजिकच आपल्याकडचं आठवत होते, मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे घसा फोडणाऱ्या पोरांपैकी किती जणांना त्या देवाची एक आरती पूर्ण येते वगैरे. पण थांबा, हे इतकं सोपं नाहीये. कारण पुढच्याच प्रकरणात तो अतिरेक्यांबद्दल लिहितो आणि तिथले म्होरके काही अडाणी नाहीत, चांगले शिकलेले, ग्रंथ तोंडपाठ असलेले लोक आहेत, इराणचे खोमेनी तर स्वतः मोठे धर्मपंडित. मग अज्ञान धोकादायक की ज्ञान? त्याचं उत्तर असं की अनुयायी अर्धवट आणि नेता निवडक वाचणारा, ही जोडी धोकादायक. परंपरेत दहा आवाज असतात, नेता त्यातला एकच उचलतो आणि बाकीचे नऊ होते हेच लोकांना माहीत नसतं. म्हणून तो धर्माच्या आतल्या मतभेदांवर एवढा जोर देतो. त्याच्या घरचंच उदाहरण म्हणजे दुसरी व्हॅटिकन परिषद, कॅथलिक बिशपांची मोठी सभा: ज्या चर्चने शतकभर धर्मस्वातंत्र्याला नाकं मुरडली त्याच चर्चने १९६५ साली ते मान्य केलं, आणि त्यामागे जॉन कोर्टनी मरे या धर्मशास्त्रज्ञासारखे लोक होते ज्यांना आधी गप्प बसवलेलं होतं. हे उत्तर मला सत्तर टक्के पटलं. उरलेले तीस टक्के यासाठी नाही, की दहाही आवाज ऐकून शेवटी मुद्दाम वाईटच निवडणारे लोक मी पाहिलेत, तुम्हीही पाहिले असतील.

अतिरेक्यांवरचं तिसरं प्रकरण ठीक आहे. आज वाचताना जुनं वाटतं. त्यात नवं काही असेल तर ते पाच खंडात आधीच येऊन गेलंय. भरभर उलटा.

चौथं प्रकरण मात्र सावकाश वाचा. इथे त्याने शांततेसाठी काम करणाऱ्यांनाही ‘मिलिटंट’ म्हटलंय, आणि सुरुवातीला खटकतं पण मग लक्षात येतं की बरोबर आहे, कारण हे लोक काही गोडगोड बोलणारे, सर्वधर्मसमभावाच्या कार्यक्रमात स्टेजवर हात उंचावून फोटो काढणारे नाहीत. त्यांची श्रद्धा तितकीच कडवी, फरक एवढाच की किंमत स्वतः मोजतात, दुसऱ्याला मोजायला लावत नाहीत. कंबोडियाचे भिक्खू महाघोषानंद बघा. हुकूमशहा पोल पॉटच्या राजवटीत त्यांचं सगळं कुटुंब गेलं, देशातले बहुतेक भिक्खू मारले गेले किंवा त्यांची चीवरं उतरवली गेली, हे त्या वेळी थायलंडमधल्या अरण्यातल्या मठात साधना करत होते म्हणून वाचले. मग सीमेवरच्या निर्वासितांच्या छावण्यांत आले. तिथे पत्रकं वाटली, कसली तर मेत्त सुत्ताची, मैत्रीभावनेवरच्या बौद्ध सूत्राची. आणि ‘न हि वेरेन वेरानि सम्मन्तीध कुदाचनं’ ही गाथा म्हणायला सुरुवात केली की हजारो माणसं रडत रडत त्यांच्यामागे म्हणायला लागायची, असं त्यांच्याबरोबर असलेल्यांनी लिहून ठेवलंय. आपल्याकडे कितीतरी घरांत आणि विहारांत ही गाथा पाठ असते. वैराने वैर शमत नाही. पण ज्यांचं सगळं गणगोत कापलं गेलंय अशा गर्दीपुढे उभं राहून, स्वतःचंही कापलं गेलेलं असताना ती म्हणायची, हे चित्र माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये.

१९९२ साली त्यांनी धम्मयात्रा काढली, थाई सीमेवरून नॉम पेन्हपर्यंत पायी, बरोबर भिक्खू, भिक्खुणी, निर्वासित, वाटेत भूसुरुंग. पुढच्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावर, मे १९९३ मध्ये, पुन्हा, या वेळी सिएम रीपहून, जिथे तेव्हाही गोळीबार चालू होता. लोक बाहेर पडायलाच घाबरत होते, आणि या यात्रेनंतर मतदान जवळजवळ ९० टक्के झालं. सगळं श्रेय यात्रेला देणं भाबडेपणा होईल, संयुक्त राष्ट्रांचे हजारो सैनिक तिथे होतेच. १९९४ च्या यात्रेत तर यात्रेकरू दोन्ही बाजूंच्या गोळीबारात सापडले, एक भिक्खू आणि एक भिक्खुणी मेली, तरी यात्रा पुढच्या वर्षी निघालीच. इथे एक धागा माझा मी जोडते: महाघोषानंद भारतात शिकले, नालंदात, आणि राजगीरला फुजी गुरुजींच्या सहवासात राहिले. फुजी गुरुजी म्हणजे जपानी बौद्ध भिक्खू निचिदात्सु फुजी, जे १९३३ साली वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि ज्यांचा ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा मंत्र आजही सेवाग्रामच्या प्रार्थनेत म्हटला जातो. तेव्हा वर्ध्याची ती प्रार्थना आणि कंबोडियातली ती चाल यात अंतर वाटतं तेवढं नाही.

आता मोझांबिक. खरं सांगायचं तर या एका गोष्टीसाठी पुस्तकाचे पैसे वसूल आहेत. पोर्तुगीज गेले १९७५ ला, सत्तेवर आलं फ्रेलिमो, मार्क्सवादी, त्यांनी चर्चची मालमत्ता ताब्यात घेतली. विरोधात रेनामो, ज्यांना आधी ऱ्होडेशियाने आणि मग वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने पोसलं आणि ज्यांनी गावंच्या गावं कापली. १९७७ ते १९९२, दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, लढाईत आणि उपासमारीत मिळून. सगळ्या मोठ्या देशांनी हात टेकले होते.

आणि हे मिटवलं कोणी, तर रोममधल्या सान्तएजिदिओ नावाच्या एका कॅथलिक मंडळाने, ज्यातले बहुतेक जण साधे संसारी लोक, पाद्री मोजकेच. हे मंडळ १९६८ साली सुरू केलं आंद्रेआ रिक्कार्दीने, तेव्हा तो शाळकरी मुलगा होता, आणि काम काय तर झोपडपट्टीतल्या पोरांना शिकवणं, म्हाताऱ्यांना जेवण. मोझांबिकशी संबंध आला तो मैत्रीतून. जायमे गोन्साल्व्हिस हा तरुण मोझांबिकन पाद्री रोममध्ये शिकायला होता, याच मंडळींशी ओळख झाली, आणि पुढे तो बेइराचा बिशप झाला. चर्चचा छळ होतोय म्हणून काहीतरी करा असं तो म्हणाला, तर यांनी काय केलं, व्हॅटिकनकडे न जाता गाठ घालून दिली ती इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाच्या पुढाऱ्याशी, एनरिको बर्लिंग्वेरशी! कारण फ्रेलिमोवाले ऐकणार तर एका कॉम्रेडचं ऐकणार. काय डोकं आहे बघा. इथून ओळखी वाढत गेल्या, धान्य-औषधं पाठवून सरकारचा विश्वास मिळवला, आणि दुसरीकडे १९८८ मध्ये बिशप गोन्साल्व्हिस जंगलात जाऊन रेनामोचा म्होरक्या ढलाकामा याला भेटून आले.

जुलै १९९० मध्ये दोन्ही बाजू पहिल्यांदा समोरासमोर बसल्या, रोममधल्या त्रास्तेवेरे भागात, जुन्या कार्मेलाइट जोगिणींच्या मठात. मध्यस्थ चार: रिक्कार्दी, पाद्री मात्तेओ झुप्पी, बिशप गोन्साल्व्हिस आणि इटालियन सरकारकडून मारिओ रफाएल्ली. सुरुवातच अशी केली की आधी आपल्यात सारखं काय आहे ते शोधू, भांडण नंतर, आणि दोघंही शेवटी एकाच मोझांबिकन कुटुंबातले आहेत हे दोघांकडून वदवून घेतलं. पुढे सव्वादोन वर्षं हे चाललं. मध्ये बोलणी किती वेळा तुटली, पण मध्यस्थांना कुठे घाई नव्हती, ना निवडणूक जिंकायची होती ना खाण मिळवायची होती. ४ ऑक्टोबर १९९२ ला सही झाली, संत फ्रान्सिसच्या सणाच्या दिवशी. मग संयुक्त राष्ट्रांची फौज, आणि ऑक्टोबर १९९४ मध्ये निवडणूक.

थोडं पाणी ओतते यावर, कारण ही गोष्ट फार गोग्गोड करून सांगितली जाते. शीतयुद्ध संपलेलं होतं, दक्षिण आफ्रिकेत मंडेला सुटले होते आणि रेनामोचा नळ बंद होत चाललेला, १९९२ च्या दुष्काळाने दोघांच्याही पोटाला चिमटा बसलेला. शिवाय पैसाही फिरला: लॉन्ऱ्हो या ब्रिटिश कंपनीचे टायनी रोलंड ढलाकामाला विमानाने फिरवत होते आणि पैसेही देत होते, आणि शेवटाला इटली, अमेरिका, संयुक्त राष्ट्रं हे सगळे लागलेच. नुसत्या प्रार्थनेवर काही झालेलं नाही. आणि कायमचंही झालेलं नाही, २०१३ पासून रेनामोशी पुन्हा चकमकी सुरू झाल्या, नवा करार व्हायला २०१९ उजाडलं, आणि उत्तरेत काबो देल्गादोमध्ये २०१७ पासून जिहादी बंड आहे ते वेगळंच. तरीही वीस वर्षं मोठं युद्ध झालं नाही ही काय साधी गोष्ट आहे का. त्यातले झुप्पी पुढे बोलोन्याचे आर्चबिशप, मग कार्डिनल झाले आणि २०२३ मध्ये पोपने त्यांना युक्रेनसाठी दूत म्हणून कीव्ह, मॉस्को, वॉशिंग्टन, बीजिंग असं फिरवलं, तेव्हा मोझांबिकवालेच झुप्पी ते, हे लक्षात आलं तर बातमी वेगळी कळते.

या सगळ्यातून ॲपलबी तीन प्रकार काढतो: एक, संकट आलं की धार्मिक माणसं अचानक रस्त्यावर उतरतात, दोन, वर्षानुवर्षं समाजात सगळ्या पातळ्यांवर मुरलेलं काम, त्याचं उदाहरण कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडणातलं उत्तर आयर्लंड, आणि तीन, बाहेरून आलेला विश्वासू मध्यस्थ, सान्तएजिदिओ सारखा. दुसरा प्रकार त्याचा आवडता आणि माझाही. उत्तर आयर्लंडबद्दल एक प्रसंग पुस्तकाबाहेरचा सांगते म्हणजे मुरलेलं म्हणजे काय ते कळेल. १९ मार्च १९८८, बेलफास्ट. एका अंत्ययात्रेत दोन ब्रिटिश सैनिक चुकून घुसले आणि जमावाने त्यांना गाडीतून ओढून काढलं, मग आयआरए या सशस्त्र संघटनेने गोळ्या घातल्या. फादर ॲलेक रीड यांनी गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना केली, तोंडाला रक्त लागलेला तो फोटो जगभर गेला. त्या वेळी फादरच्या जवळ एक पाकीट होतं, आयआरएच्या बाजूच्या शिन फेन पक्षाचा पुढारी जेरी ॲडम्सकडून नेमस्त राष्ट्रवादी नेता जॉन ह्यूमकडे न्यायचं, शांततेच्या बोलणीचा मसुदा. पाकिटाला रक्त लागलं होतं. त्यांनी नवीन पाकीट घेतलं आणि त्याच दिवशी ते पोचवलं. करार झाला १० एप्रिल १९९८ ला, दहा वर्षांनी.

माफीवरच्या पाचव्या प्रकरणावर मात्र माझं भांडण आहे. वर्णद्वेषी राजवटीनंतरचा दक्षिण आफ्रिकेचा सत्यशोधन आयोग, डेस्मंड टुटू अध्यक्ष, १९९६ पासून सुनावण्या, हे सगळं आपल्याला माहीत आहे आणि टुटूंबद्दल आदर आहेच. पण माफी द्यायची कोणी? खून करणाऱ्याने सगळं खरं सांगितलं की त्याला अभय, हा सौदा राज्याने केला, आणि त्या राजवटीत ज्यांची माणसं मारली गेली त्या स्टीव्ह बिको, म्झेंगे, रिबेरो या कुटुंबांनी त्याविरुद्ध घटना न्यायालयात धाव घेतली होती, १९९६ मध्येच, आणि ते हरले. ॲपलबीला हा पेच कळत नाही असं नाही, पण त्याचा कल कळतो: माफीला झुकतं माप. कॅथलिक माणूस म्हणून ते स्वाभाविक असेल. मला मात्र बिकोंच्या घरच्यांची बाजू अजून पानभर हवी होती. तसंच रवांडा. देशातली बहुसंख्य जनता ख्रिश्चन, त्यात कॅथलिक सर्वाधिक, आणि १९९४ च्या वंशसंहारात न्तारामा, न्यामाता इथे माणसं आसऱ्याला चर्चमध्ये गेली आणि चर्चमध्येच मारली गेली. दुबळा धर्म या थिअरीची खरी परीक्षा तिथे होती, बोस्नियापेक्षाही, कारण तिथे कम्युनिस्टांनी धर्मशिक्षण बंद केलं होतं असं म्हणायचीही सोय नाही. स्वतंत्र प्रकरण पाहिजे होतं, नाहीये.

(चर्चवर तो मऊ आहे असा अर्थ कोणी काढू नका. २००२ मध्ये लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं प्रकरण पेटलं तेव्हा डॅलसला अमेरिकेतल्या बिशपांच्या सभेत याला बोलावलं होतं, आणि समोर बसलेल्या बिशपांना त्याने तोंडावर सांगितलं की मूळ दुखणं तुम्ही कोणालाच उत्तरदायी नसणं हे आहे.)

आता शेवट, म्हणजे आठवं प्रकरण, परराष्ट्र धोरणवालं. इथे पुस्तक घसरतं. सूर एकदम बदलतो, रिपोर्टसारखा होतो, सरकारांनी असं करावं, फाउंडेशनांनी तसं करावं, धार्मिक शांतिदूतांना ट्रेनिंग द्यावं, नेटवर्क बांधावं. अरे पण आत्ताच तर तुम्ही दोनशे पानं आम्हाला दाखवलंत की सान्तएजिदिओ यशस्वी का झालं, तर त्यांना कोणी पाठवलेलं नव्हतं म्हणून! गोन्साल्व्हिसशी मैत्री कुठल्या प्रोजेक्टचा भाग नव्हती. महाघोषानंदांच्या यात्रेला कोणी डिलिव्हरेबल्स लावलेले नव्हते. हे विरजण आहे, घरात लागतं, सरकारी टेंडर काढून लागत नाही. आणि दूतावासाने एखाद्या मौलवीला किंवा पाद्र्याला जवळ केलं की त्याच्या स्वतःच्या गल्लीत त्याची किंमत दुसऱ्या दिवशी शून्य होते, हे सांगायला काही पीएचडी लागत नाही.

ही नुसती माझी कुरकुर नाही, पुढे काय झालं तेही बघा. २०१० मध्ये शिकागो कौन्सिल या परराष्ट्र धोरणावरच्या संस्थेच्या एका टास्क फोर्सचा रिपोर्ट आला, ॲपलबी आणि इव्हँजेलिकल पुढारी रिचर्ड सिझिक दोघं अध्यक्ष, आणि रिपोर्टचा सूर हाच की अमेरिकेने परदेशातल्या धार्मिक समाजांशी थेट संबंध ठेवावेत, धर्म म्हणजे फक्त दहशतवादाची फाइल असं बघू नये. निदान बरोबर होतं, १९७९ मध्ये इराणमधल्या क्रांतीच्या वेळी अमेरिकेला काय चाललंय तेच कळलं नव्हतं कारण मशिदीत काय बोलतात हे ऐकणारं कोणी नव्हतं. २०१३ मध्ये तेव्हाचे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरींनी स्टेट डिपार्टमेंटमध्ये धर्मासाठी वेगळं ऑफिसच उघडलं, शॉन केसी त्याचे प्रमुख. आणि सरकार बदललं तसं ते ऑफिस विरघळून गेलं. चार वर्षांत गुंडाळलं जाणारं काम आणि उत्तर आयर्लंडसारखं पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं काम, यांचा मेळ कसा बसायचा? एलिझाबेथ शाकमन हर्ड या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिकेने यावर चांगलं झोडपलंय, की सरकारला सोयीचा तो चांगला धर्म आणि गैरसोयीचा तो वाईट, आणि बोलणी होतात ती लेटरहेड असलेल्या पुरुषांशीच. गावातली बाई, जी दोन्ही वस्त्यांत जाऊ शकते, ती त्या यादीत कधीच नसते. ॲपलबीच्या पुस्तकातही ठळक पात्रं बहुतेक पुरुषच आहेत. आणि पुस्तकानंतर तीनच वर्षांनी, २००३ मध्ये, यादवी युद्धात होरपळणाऱ्या लायबेरियात लेमा बोवी आणि तिच्याबरोबरच्या ख्रिश्चन आणि मुसलमान बायकांनी पांढरे कपडे घालून बाजारात बैठक मारली आणि नंतर घानामध्ये बोलणी चाललेल्या हॉलचं दारच अडवलं, करार करा मगच बाहेर या म्हणून! हिला २०११ मध्ये नोबेल मिळालं. हे ॲपलबीच्या तीनपैकी पहिल्या प्रकारात बसतं, खरं तर पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये कुठेतरी.

दुसऱ्या बाजूनेही टीका आहे. विल्यम कॅव्हनॉ हा पण कॅथलिकच, त्याने २००९ मध्ये ॲपलबीसकट सगळ्यांना धरलं, की मुळात धर्म नावाची वेगळी भानगड आहे आणि ती राजकारणापेक्षा जास्त स्फोटक आहे हे तुम्ही गृहीतच कसं धरता, झेंड्यासाठी मरणारे-मारणारे काय कमी आहेत? मला हा मुद्दा भारी वाटला, आणि बोस्नियाचं प्रकरण वाचलं की वाटतं ॲपलबीलाही तो अर्धा मान्य असावा, कारण तिथे त्याने स्वतःच राष्ट्रवादाला मुख्य आरोपी केलंय.

भाषेबद्दल सांगते. इंग्रजी जड आहे, वाक्यं लांब, ‘कॉन्फ्लिक्ट ट्रान्सफॉर्मेशन’ सारखे शब्द दर पानावर. पण जिथे तो गोष्ट सांगतो तिथे सुटतो, हात मोकळा होतो. मराठीत निदान बोस्निया, कंबोडिया आणि मोझांबिक एवढं तरी कोणीतरी आणावं, वाचणारे आहेत.

आता खरेदीचं. मी पेपरबॅक ऑनलाइन मागवली, विक्रेत्याचं नाव घेत नाही, छपाई फिकट आली आणि एक कोपरा दुमडलेला, पण बांधणी धरून आहे. ई-बुक घ्यायच्या आधी विचार करा, टिपा सगळ्या मागे आहेत आणि त्या टिपांमध्येच अर्धी मजा आहे, सारखं मागेपुढे करून वैताग येतो. वाचायचा क्रम माझा असा: दुसरं, चौथं, सहावं, मग पहिलं, मग पाचवं पेन्सिल हातात घेऊन, सातवं जमलं तर, तिसरं चाळून, आणि आठवं फक्त भांडायचं असेल तर. विद्यार्थ्यांनी, विशेषतः आंतरराष्ट्रीय संबंध घेतलेल्यांनी, लायब्ररीतून आणलं तरी चालेल. पाचपैकी पावणेचार, सव्वा गुण आठव्या प्रकरणाने आणि रवांडाने खाल्ला.